पाहुणीसाठी आवरलेली वाट

थोरलीचं पाऊल खड्ड्याच्या तयारीत होतं आणि खड्डा नव्हता. रोज सकाळी बागेतल्या वाटेवर, वळणाच्या अलीकडे, तिचा गुडघा आपणहून वाकायचा, अंग जरा सैल पडायचं, पाऊल त्या खोलगटात उतरायचं आणि एक हुंकार घेऊन वर यायचं. त्यासाठी खाली बघावं लागत नसे. आज गुडघा वाकला आणि जमीन वेळेआधीच येऊन आदळली. टाचेपासून मानेपर्यंत हिसका बसला, तोंडातली कवळी कटकन वाजली. ती होती तिथे उभी राहिली. आधी कुणी पाहिलं का ते बघितलं. कुणी नव्हतं. मग स्वतःवरच चिडली. इतकी वर्षं ह्या वाटेला शिव्या घातल्या, आणि आज ती सपाट झाली तर पडायची पाळी आपल्यावर यावी!

खाली गवत होतं. हिरवंगार, नुकतं पाणी पाजलेलं, सतरंजी उलगडावी तसं पट्ट्यापट्ट्यांनी टाकलेलं. दोन पट्ट्यांच्या फटीतून काळी मऊ माती दिसत होती. थोरलीने छत्रीचं टोक टेकवलं. टोक आत गेलं, त्याच्या मागून अर्धी छत्री गेली. "अस्सं," ती म्हणाली. येताना फाटकाजवळ कुंड्यांची रांग दिसली होती, तेव्हा तिने नाक मुरडलं होतं एवढंच. आता बाकीचंही दिसायला लागलं. कठड्याला रंग लावला होता, तोही गंजावरच. वाटेच्या कडेला एक तांबडा गालिचा गुंडाळी करून ठेवला होता, अंथरायचा बाकी. आणि वळणावर दोरी बांधून पाटी टांगली होती: पुढे काम चालू आहे. पुढे कसलं काम चालणार? पुढे धड वाटच नव्हती. झाडांची वर आलेली मुळं, निसटते दगड, पाण्याने वाहून नेलेली कड, आणि ते सगळं ओलांडल्यावर तळं. तळ्याचा विचार आला तसा तिने छत्री उपसून काढली. तिच्या टोकाला मातीचा गोळा चिकटला होता आणि तो झटकूनही जाईना.

ह्याच खड्ड्यात गेल्या वर्षी खुर्चीचं चाक अडकलं होतं. खुर्ची नवीन होती, नवऱ्याला झटका येऊन गेल्यानंतर घेतलेली, आणि थोरलीचा उत्साहही तेव्हा नवीन होता. तळ्यापर्यंत न्यायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. लग्नानंतर दोघं जिथे पहिल्यांदा एकटी बसली ती जागा तिथली; एकत्र कुटुंबात नवरा-बायकोला भांडायलासुद्धा जागा नसते, म्हणून ती दोघं भांडायला तळ्यावर जायची. सगळी मोठी भांडणं तिथे झाली आणि सगळे मोठे निर्णयही. तर त्या सकाळी पुढचं चाक खोलगटात गेलं, खुर्ची कलली, आणि नवरा, उभी हयात शहराच्या बस चालवलेला, डेपोत ज्याला सगळे उस्ताद म्हणायचे तो माणूस, धान्याचं पोतं घसरावं तसा घसरला. धावणारे दोन तरुण थांबले, त्यांनी त्याला उचललं, अगदी हळुवारपणे. शर्ट वर गेला होता, पोट उघडं पडलं होतं. त्यांतला एक म्हणाला, "आजी, घाबरू नका." थोरलीला घाबरायला झालंच नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिने खुर्ची वळवली ती घरीच आणली, आणि त्यानंतर आतल्या खोलीच्या खिडकीपलीकडे नवऱ्याने जग पाहिलं नाही. खिडकीतून बागेची झाडं दिसत. तो चालत्या हाताने काचेवर बोट ठेवायचा. ती पडदा नीट करायची.

झटक्याने त्याची उजवी बाजू नेली आणि भाषाही नेली. पण गेली ती सगळी नाही. घरातले शब्द गेले: पाणी, दुखतंय, तिचं नाव, मुलाचं नाव. राहिली ती बसच्या खिडकीतून आयुष्यभर ओरडलेली वाक्यं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. सवयीचं बोलणं मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतं. थोरली म्हणाली, "मग देवाने चांगला कप्पा ठेवायचा होता." कारण नवऱ्याचं एकच वाक्य अगदी स्वच्छ, खणखणीत यायचं, आणि ते म्हणजे, "रस्ता काय बापाचा आहे का?" बाकी "आंधळ्या", "गाढवा", आणि दोन-तीन अशी की ती सांगण्यासारखी नाहीत. भूक लागली तरी तेच, लाड करावेसे वाटले तरी तेच. आवाजावरून ती ओळखायची. पण बाहेरच्या खोलीत आलेल्या चार माणसांना आवाज कुठे ओळखू येणार? त्यांना शिवीच ऐकू येणार. म्हणून कुणी आलं की ती खोलीचं दार ओढून घ्यायची आणि सांगायची, "आत झोपलेत." आतून आरोळी यायची. पाहुणे कपाकडे बघायचे. थोरली रेडिओचा आवाज वाढवायची.

आवरून ठेवणं हा तिचा स्वभावच होता. सासूने लावलेलं वळण म्हणायचं तर सासूला उगीच श्रेय जाईल. सासू आवरायची, पण थोरलीइतकं नाही. पाहुणे येणार म्हटलं की न धुतलेले कपडे, फाटक्या उश्या, औषधाच्या बाटल्या, नापास झालेला मुलगा, सगळं एका हिसक्यात आतल्या खोलीत जायचं आणि दार बंद व्हायचं. बाहेरची खोली आरशासारखी. लोक म्हणायचे, थोरलीचं घर बघावं. ती नुसतं हसायची, आणि ते हसू तिला दिवसभर पुरायचं.

तिची सून शहराच्या उद्यान खात्यात नोकरीला होती. बागांच्या वाटा नीट करायला बाहेरची कुठलीशी संस्था निधी देते, अनेक शहरं मागणी करतात, मिळतो एखाद्यालाच. तर ह्या वाटेसाठीचा अर्ज सुनेने लिहिला होता. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसायची, आणि थोरली तिच्या कोपराखालून ताटल्या ओढून काढायची. सून वाचून दाखवायची: वाट खचली आहे, म्हाताऱ्या माणसांना आधार नाही, चाकाची खुर्ची तळ्यापर्यंत जाऊ शकत नाही. चाकाची खुर्ची म्हणताना ती वर बघायची नाही. आणि त्याच टेबलावर, संस्थेची बाई स्वतः वाटेची पाहणी करायला येणार असं कळलं तेव्हा, थोरलीच म्हणाली होती, "मग जरा झाडूनपुसून ठेवा गं. परक्या बाईसमोर शहराची अब्रू जायची." सून हसली होती. थोरलीला ते हसू आता, चिखलाची छत्री हातात घेऊन उभी असताना, पुन्हा दिसलं.

फाटकातून सून येत होती, तिच्याबरोबर खात्याचे साहेब. साहेबांचे बूट चकाकत होते. मागे दोन माळी. त्यांनी गालिच्याची गुंडाळी सोडली आणि तो गवतावरून, खड्ड्यावरून, थेट दोरीपर्यंत पसरत नेला. सुनेचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे होते.

"हे काय गं?" थोरलीने तिला बाजूला घेतलं.

"काल मी घरी आल्यावर साहेबांनी माणसं लावली. मी अर्जात लिहिलंय चाक जात नाही, आणि बाईंना आज दिसणार मखमल. त्या म्हणतील, ह्या शहराला कशाला हवेत पैसे? दुसऱ्याला देऊ."

"मग सांग की तिला तसं."

"साहेबांसमोर, आई? उद्यापासून मला घरी बसवतील."

"बस की. मला मदत होईल."

"आई, थट्टा नको हो."

थोरली साहेबांकडे वळली. साहेब कुंडी सरळ करत होते. हा माणूस वाईट नव्हता, हे तिला त्याच्या कुंडी सरळ करण्यावरूनच दिसलं. तिने विचारलं, हे सोंग कशासाठी? साहेबांनी रुमालाने हात पुसले आणि प्रेमाने समजावलं, "अहो, पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतोच ना आपण? तसंच हे."

थोरलीने तोंड उघडलं आणि कवळी जागेवर आहे एवढंच जिभेला लागलं. त्या माणसाच्या तोंडातून तिचाच आवाज आला होता, तिचाच सूर, तेच प्रेमळ शहाणपण. तिने पायाखालच्या गालिच्याकडे पाहिलं. खाली मऊ माती, मातीखाली खड्डा, आणि खड्ड्यात, तिला अगदी लखलखीत दिसलं, वर गेलेल्या शर्टाचा तो माणूस, तसाच कलंडलेला, वर्षभर तिथेच, आणि वरून गवत.

ती घरी निघाली तेव्हा तिला धड राग येत नव्हता. रागाची तिला सवय होती. राग आला की पाय हलके पडायचे. आज पाय जड होते. बेकरीसमोर भट्टीची ऊब अंगावर आली, सायकलवाला घंटी वाजवत गेला, आणि ती मनात स्वतःशी वाद घालत होती, दोन्ही बाजूंनी, दोन्ही बाजूंना सारखीच बोचरी. नेऊ त्यांना? सगळ्यांसमोर? कॅमेरे असतील. हो, असतील. आणि ते ओरडले तर? ओरडतीलच. गोड बोलायला ते काय साहेब आहेत? लोक म्हणतील, थोरलीच्या घरात हे असं. म्हणू देत. म्हणू देत कसं? चारचौघांत मान ताठ ठेवून वावरले ती काय ह्यासाठी? मग कशासाठी वावरलीस? इथे ती कोपऱ्यावर थांबली. दुकानाच्या काचेत एक म्हातारी उभी होती, मान ताठ, हातात चिखलाची छत्री. मान ताठ ठेवून ठेवून हिचा मणका झिजला, थोरलीच्या मनात आलं, आणि ह्या मानेने कधी त्यांच्या खिडकीतून खाली वाकून बघितलं नाही.

नवरा खिडकीशी होता. तिने पडदा पूर्ण बाजूला सारला तसा तो दचकला. तिने त्याला इस्त्रीचा शर्ट घातला, एकेक बटण लावलं, भांग पाडला. दाढीचे राहिलेले खुंट अंगठ्याने चाचपले आणि असू देत म्हटलं. उजवा हात मांडीवर नीट ठेवला. तो हात हल्ली कुणा दुसऱ्याचा सांभाळायला घेतल्यासारखा वाटायचा. तो तिच्याकडे बघत होता, दाराकडे बघत होता, पुन्हा तिच्याकडे.

"अहो, चला," ती म्हणाली. "ड्यूटी आहे."

त्याची पाठ सरळ झाली. एवढं पुरलं तिला.

रस्त्यावर लोक बघत होते. समोरची चष्मेवाली गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तिचा हात तसाच वर राहिला. थोरलीने खालून विचारलं, "वाळला का गं तो? मग उतरव." आणि खुर्ची पुढे लोटली. तळव्यांना खुर्चीच्या मुठी घाम आणत होत्या, छातीत काहीतरी धाडधाड वाजत होतं, आणि नवल म्हणजे ते भीतीसारखं लागत नव्हतं. लहानपणी झोपाळा वर जाऊन क्षणभर थांबायचा, तसं लागत होतं.

बागेत मंडळी गालिच्याच्या अर्ध्यावर आली होती. पाहुणी बारीकशी बाई होती, कापडी बूट, गळ्यात कॅमेरा. ती साहेबांचं ऐकत होती आणि पुन्हा पुन्हा अर्जाची प्रत उघडून सुनेकडे बघत होती, आणि सून जमिनीकडे. थोरलीची खुर्ची गालिच्यावर चढली तसे साहेब दोन्ही हात पसरून पुढे आले.

"मावशी, आज वाट बंद आहे. उद्या या ना."

"मावशी कुणाला म्हणतोस? तुझी मावशी असते तर कान पिळून वाढवला असता तुला. सर."

तिने जोर लावला. खुर्ची साहेबांच्या बाजूने गेली, पाहुणीच्या बाजूने गेली, सुनेने "आई!" म्हणून तोंडावर हात ठेवला, आणि त्या ठिकाणी थोरलीचा गुडघा आपणहून वाकला. पुढचं चाक गालिच्यासकट आत गेलं. गालिचा ओढला गेला, त्याच्या कडेच्या कुंड्या एकामागून एक कलंडल्या. खुर्ची कलली. ह्या वेळी थोरलीने एक हात मुठीवर आणि दुसरा नवऱ्याच्या छातीवर घट्ट दाबून धरला होता; तो घसरला नाही. त्याने मान वर केली, धावत समोर आलेल्या साहेबांना नीट पाहून घेतलं आणि भरल्या स्टँडवर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "रस्ता काय बापाचा आहे का?"

एक माळी हसू दाबत कुंड्यांकडे वळला. आतून सवयीने वर आलेलं वाक्य थोरलीच्या जिभेवर तयार होतं: माफ करा, त्यांची तब्येत बरी नाही. ते तिने गिळलं. गिळताना कडू लागलं आणि मग घसा मोकळा झाला, इतका की स्वतःचा आवाज तिला नवा वाटला.

"बरोबर ऐकलंत," ती पाहुणीला म्हणाली. "हा माझा नवरा. ह्या शहरातल्या निम्म्या लोकांना ह्यांनी कामावर वेळेत पोचवलंय. झटक्यात बोलणं गेलं, एवढंच राहिलं. घरी हेच बोलतात, मी ऐकते, आज तुम्ही ऐका. ह्यांना तळ्यावर जायचंय आणि मला न्यायचंय. त्या दोरीपलीकडे काय आहे ते ह्या साहेबांना विचारू नका. जाऊन बघा."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा सून पुढे आली. "अर्जात जे चाक लिहिलंय मॅडम, ते हे. हे माझे सासरे आहेत. माती काल भरली, गवत काल टाकलं. वाट आहे तशी मला तुम्हाला दाखवायची आहे." आणि साहेबांकडे वळून, "सॉरी सर." ते सॉरी असं काही आलं की थोरलीला वाटलं, ही आपली सून शोभते, मग लगेच वाटलं, आपण हिची सासू शोभायला हवं.

पाहुणी खाली बसली. तिने गालिच्याची कड उचलली, गवताची पट्टी उचलली, कोपरापर्यंत हात मातीत घातला आणि काढला. फोटो घेतला. मग थोरलीच्या नवऱ्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन विचारलं, "कुठे जायचंय तुम्हाला?" त्याने चालता हात उचलला आणि झाडांच्या पलीकडे बोट दाखवलं. ती उठली, दोरीखालून गेली, तिच्यामागून सून. मुळांवरून घसरण्याचे, दगड सुटण्याचे आवाज बराच वेळ येत राहिले, आणि सुनेचं बोलणं, आता न थांबता.

इकडे खुर्ची अडकलेलीच होती. "बघताय काय?" थोरली साहेबांना म्हणाली. "धरा त्या बाजूने." साहेब उतरले. चकाकते बूट घोट्यापर्यंत मातीत गेले. दोघांनी मिळून चाक उपसलं. दम खात साहेब उभे राहिले, रुमाल काढला, आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर उडालेला चिखल पुसत खालच्या आवाजात म्हणाले, "माझे वडीलही असेच आहेत. आतच असतात." थोरलीच्या तोंडावर टोमणा आला होता. तिने तो जाऊ दिला. "उद्या आणा," ती म्हणाली. "इथपर्यंत तरी येता येतं. ह्यांना बोलायला कुणीतरी मिळेल."

निधी मिळाला. सुनेचा फोन आला तेव्हा बाहेरच्या खोलीत चार बायका बसल्या होत्या, नवराही बसला होता, आणि थोरलीने फोनवर अशी आरोळी ठोकली की एकीच्या कपातला चहा बशीत आला. "आमच्या सुनेने आणला," ती म्हणाली, पुन्हा म्हणाली, आणि कुणी विचारलं नाही तरी आणखी एकदा म्हणाली. नवऱ्याने टाळीसारखा हात खुर्चीवर आपटला आणि आपलं वाक्य टाकलं. ह्या वेळी बायका हसल्या, तोही हसला. हसू अर्ध्याच ओठात, पण पूर्ण. त्यानंतर पुष्कळ दिवस बाग खणलेली होती, धूळ घरात यायची, आणि आयुष्यात पहिल्यांदाच थोरली धूळ पुसता पुसता गुणगुणायची. साहेब बढतीच्या वाटेवर होते म्हणे, असू देत. उद्घाटनाला फीत कापायला तिला बोलावलं तेव्हा तिने निरोप पाठवला, "कात्री तुम्हीच चालवा, मला खुर्ची चालवायची आहे," आणि भाषणं चालू असतानाच फितीच्या बाजूने ती दोघं पुढे निघून गेली.

वाट घट्ट होती, रुंद होती, पायाला ओळखीची नव्हती. गुडघ्याने वाकण्यासाठी जागा शोधली आणि त्याला ती सापडली नाही. चाकांचा आवाज येत नव्हता. एवढा वेळ आवाजाशिवाय लोटायची तिला सवय नव्हती, ती मध्येच थांबून खुर्ची चालतेय ना बघायची. वळण गेलं. नवा कठडा गेला. मग उतार लागला, हलकासा, तळ्याकडे जाणारा, आणि तिच्या लक्षात आलं की आपण लोटत नाही आहोत. खुर्ची ओढतेय. हात ताणले गेले, पावलं लांब पडली, मग भरभर पडली, आणि कळायच्या आत ती पळत होती. ह्या वयात, उघड्यावर, शाल एका खांद्यावरून लोंबतेय, कवळी वाजतेय. बाकावरची माणसं उठून बघायला लागली. बघू देत. तिने खुर्ची आवरली नाही, मुठी तेवढ्या घट्ट धरल्या. झाडं संपली, आणि डोळ्यांसमोर एकदम एवढं पाणी, एवढा उजेड आला की तिला वाटलं छातीत मावणार नाही.

जिथे वाट डावीकडे तळ्याच्या काठाला वळते, तिथे नवऱ्याने आपला चालता हात खुर्चीबाहेर लांब काढला आणि मागच्या गाड्यांना वळत असल्याची खूण केली. मागे एकही गाडी नव्हती. थोरलीने वळवलं.